दारावरची पाटी: आझुलेजो की पितळ?

पणजीच्या फोंतेन्हासमध्ये घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो (झिलईदार पोर्तुगीज फरशीच्या) पाट्या पाहिल्या की माझा कौल त्यांनाच जातो. अक्षरांचा रंग झिलईसोबत भट्टीत पक्का होतो, त्यामुळे जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि खारा वारा त्याचं काही बिघडवत नाहीत. ओल्या फडक्याने पुसली की झालं. मात्र चिऱ्याच्या भिंतीत सिमेंटने बसवलेली फरशी काढताना बहुधा फुटते.

पितळी पाटी तुळशीवृंदावन असलेल्या अंगणाला फार शोभते. पण समुद्राजवळ ती लवकर काळवंडते, हिरवी पडते. भिरंडाच्या म्हणजे कोकमाच्या सोलांनी घासली की पुन्हा लखलखते (चतुर्थीआधी आमच्याकडे हे काम ठरलेलंच). स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. भाड्याच्या घरात राहत असाल तर पितळच बरं.