दुकानाचे बंद कार्ड ‘पुन्हा सुरू’ करताना गेलेले ८६,४८३ रुपये

पतसंस्थेत २६ वर्षे लेखापाल म्हणून काम केलेल्या माणसाला हे लिहिताना लाज वाटते. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे सभासदांना काउंटरवरून बजावणारा मीच होतो. तरीही लिहितो, कारण माझ्याकडे ओटीपी कोणी मागितलाच नाही.

२०१९ साली पुण्यातील एका मोठ्या दुकानातून फ्रिज घेताना १,५०० रुपयांच्या सवलतीपोटी मी त्या दुकानाच्या नावाचे क्रेडिट कार्ड घेतले होते. अशा कार्डावर नाव दुकानाचे असले तरी खाते बँकेचे असते. हप्ते फिटले आणि कार्ड कपाटात पडून राहिले. वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड ग्राहकाला कळवून, ३० दिवसांत उत्तर न आल्यास आणि येणे बाकी नसल्यास बँकेने बंद करावे, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत घातला. त्यानुसार बँकेचा संदेश मला आलाही होता, पण मी तो तसाच सोडून दिला. भामट्यांनी खोटे रचले ते या खऱ्या नियमाच्या आधारावर, म्हणूनच मला ते पटले.

जूनमधील एका शुक्रवारी सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी फोन आला. बोलणारी मुलगी स्वच्छ मराठीत ‘काका, काका’ करीत होती. कार्ड न वापरल्यामुळे बंद झाले आहे, त्यावर ८,६४० पॉइंट शिल्लक आहेत आणि रात्री बारापर्यंत खाते पुन्हा सुरू केले नाही तर ते बुडतील, असे तिने सांगितले. खरेदीचे वर्ष, वस्तू आणि कार्डाचे शेवटचे चार अंक तिने न विचारता सांगितले. ही माहिती दुकानातून फुटली की बँकेतून, याचे उत्तर मला आजतागायत कोणी दिलेले नाही. ती माहिती जिच्याजवळ आहे तिच्यावर विश्वास ठेवणारा मी एकटाच मूर्ख ठरतो का, हेही कोणी सांगावे. फोन मात्र साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला होता. बँकांनी ग्राहकांना सेवेसंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करायचे असतात, हे मला नंतर कळले. तुम्ही ते आजच लक्षात ठेवा.

तिने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. ती उघडताना फोनने धोक्याची सूचना दिली. ‘बाहेरचे ॲप आहे ना काका, प्रत्येकालाच येते ती’ असे ती म्हणाली आणि मी परवानगी दिली. पुढे ॲपने संदेश वाचण्याची परवानगी मागितली, तीही दिली. त्यानंतर ती म्हणाली, ‘काका, बंद कार्डातून पडताळणीचे ५ रुपये कापता येत नाहीत, म्हणून तुमच्या दुसऱ्या चालू कार्डाचा तपशील भरा.’

माझे डोके चालायला हवे होते ते या वाक्यावर. एका बँकेचे खाते उघडायला दुसऱ्या बँकेच्या कार्डाचे काय काम? आमच्याकडे एखादा सभासद बंद खाते सुरू करायला दुसऱ्या पतसंस्थेचे पासबुक घेऊन आला असता, तर मी त्याला समोर बसवून, पाणी देऊन परत पाठवले असते. हा प्रश्न माझ्या मनात आला नाही असेही नाही. तो आला, आणि ‘पाचच रुपये तर आहेत’ म्हणून मीच तो बाजूला सारला. ८,६४० पॉइंटांचे मूल्य किती, हेदेखील मी विचारले नाही. त्याचे जास्तीत जास्त दोन-अडीच हजार झाले असते.

५ रुपये गेले. त्यापाठोपाठ २४,९९९, पुन्हा २४,९९९ आणि ३६,४८० रुपयांची गिफ्ट व्हाउचरे खरेदी झाली. ओटीपीचे संदेश ते ॲप परस्पर पुढे पाठवीत होते. मला समजले ते ६ वाजून २५ मिनिटांनी, ईमेल पाहिल्यावर. कार्ड मी तत्काळ बंद करून घेतले.

यापुढचा मनस्ताप भामट्यांनी दिलेला नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक लागायला ४० मिनिटे गेली, आणि अशा वेळी प्रत्येक मिनिटाला पैसे पुढे सरकत असतात. जवळच्या पोलीस ठाण्यात ‘ही आमची हद्द नाही, सायबरकडे जा’ असे सांगण्यात आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची खबरही नोंदवून घ्यावी लागते, हे मी सांगितले तेव्हा ‘वकील आहात का?’ असा प्रतिप्रश्न झाला. सायबर ठाण्याने आधी बँकेचे पत्र मागितले आणि पैसे गेलेल्या चालू कार्डाच्या बँकेने आधी एफआयआरची प्रत मागितली. दोन टेबलांमधून मी तीन आठवडे फिरलो. बाराव्या दिवशी बँकेचे दोन ओळींचे ईमेल आले की व्यवहार ओटीपीने झाले असल्यामुळे जबाबदारी ग्राहकाची आहे. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते. ते मी छापून नेले. शाखाधिकाऱ्यांनी ते वाचलेही नाही. वर माझ्याच बिलावर १,१०० रुपये विलंब शुल्क आणि १९८ रुपये जीएसटी चढला आहे.

तक्रारीची पोच लेखीच घ्या, तोंडी ‘नोंद झाली’ यावर घरी येऊ नका. असे ॲप उतरवून घेतले असेल तर आधी फोनचे इंटरनेट बंद करा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. नको असलेले कार्ड पडून राहू देऊ नका, लेखी अर्ज देऊन बंद करा. बाकी नसेल तर बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचे असते, उशिरासाठी दिवसाला ५०० रुपये दंड आहे. माझे जुने कार्ड ज्या बँकेचे, तिथे मी मागाहून चौकशी केली. त्यांच्याकडे बंद झालेले खाते फोनवरून पुन्हा उघडतच नाही, नवा अर्ज करावा लागतो. हे विचारायला मला बसने वीस मिनिटे लागली.

बँकेने नकार दिल्यामुळे आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार दाखल केली आहे. तीत ८६,४८३ रुपयांखाली विलंब शुल्काचे १,२९८ रुपये मी वेगळ्या ओळीत मांडले आहेत.