बीडची टोळी की गावची? नवीन ट्रॅक्टरवाल्यांसाठी

ऊस वाहतुकीचा करार करायचा म्हटलं की कारखाना पहिला प्रश्न विचारतो, टोळी, म्हणजे ऊस तोडणारी माणसं, आहे का? कोल्हापुरात त्याची दोन उत्तरं आहेत. एक बीडकडची, मजूर जमवून आणणाऱ्या मुकादमाची टोळी, दुसरी भुदरगड-राधानगरी-शाहूवाडीकडची आपली माणसं.

बीडच्या टोळीची ताकद म्हणजे सलग काम. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एक कोयता दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडून मोळ्या बांधतो. घर लांब, त्यामुळे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, माणसं फडातच. ट्रॅक्टर उभा राहत नाही, बँकेचा हप्ता निघतो.

धोका आहे तो उचलीत, म्हणजे आगाऊ द्यायच्या पैशांत. उन्हाळ्यापासूनच मुकादमाला लाखांनी पैसे मोजावे लागतात. एकाच टोळीवर दोघा-तिघांची उचल घेऊन हंगामाच्या तोंडावर फोन बंद करणारे मुकादम आहेत, आणि त्यापायी शेत विकायची पाळी आलेले वाहनमालकही आहेत. पण मजुराला चोर म्हणू नका. त्याच्या हातात त्या उचलीतलं किती पडलं, हे बहुतेक मालकांना ठाऊकच नसतं. त्याच्या डोक्यावर कर्ज मुकादमाचं, म्हणून मुकादम नेईल तिकडे तो जातो.

गावच्या टोळीला उचल कमी लागते. घर माहीत, पाहुणेरावळे माहीत, त्यामुळे पैसे बुडायची भीती थोडी. संध्याकाळी माणसं वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन आपल्या म्हशीकडे जातात, राहायची सोय बघावी लागत नाही. मात्र भातकापणी उरकल्याशिवाय ती येत नाहीत. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीची यात्रा आली की निम्मी टोळी गायब. गावात म्हाई, म्हणजे गावजत्रा, असली की आणखी दोन दिवस गेले. खेपा कमी होणार, हे धरूनच हिशोब मांडा.

ऊस तोडायच्या मशीनचं म्हणाल तर आपल्याकडच्या गुंठ्या-गुंठ्याच्या तुकड्यांत आणि ओल्या रानात ते वळतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पहिलाच हंगाम, एकच ट्रॅक्टर आणि कारखाना जवळ असेल तर गावची टोळी घ्या. लांबची वाहतूक आणि मोठं कर्ज असेल तर बीडला पर्याय नाही. पण मग दसऱ्याआधी स्वतः त्या गावात जा, मागच्या हंगामातल्या मालकाला गाठून विचारा. करारात प्रत्येक कोयत्याचं नाव घाला, उचल हप्त्यानं आणि शक्यतो मजुराच्याच खात्यावर द्या.

टोळी आल्यावर टिकवायची कशी, याकडे फार थोडे मालक बघतात. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, पण दर सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो मजुरांच्या कोप्यांजवळ, म्हणजे झोपड्यांजवळ, पिण्याचं पाणी, रात्री उजेड, बायकांसाठी आडोशाचं न्हाणीघर आणि संडास असण्यानं. पोरांची नावं जवळच्या शाळेत घालून द्या. बाळंतीण किंवा आजारी बाई असेल तर तिचा खाडा कापू नका. आणि पंधरवड्याचं बिल आलं की किती टन भरला, उचलीतले किती वळते झाले, किती राहिले, हे मुकादमाच्या माघारी नव्हे, सगळ्या कोयत्यांसमोर वाचून दाखवा. बायकांनाही बसवून घ्या, निम्मा ऊस त्यांनीच तोडलेला असतो.