17 नंबरचा पत्रा: ॲल्युमिनियम घ्यावं की लोखंड?

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गाचा नंबर 2010 साली 17 चा 66 झाला. मग चौपदरीकरण आलं, जुने फलक उतरले आणि त्यातले काही भंगारात पोचले. त्यातून टीपॉय, घड्याळ, किल्ल्या अडकवायची पट्टी किंवा होमस्टेची नावपाटी करून घ्यायची असेल, तर भंगारवाल्याकडे जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर लोखंड. रंगावरून ओळखायला जाल तर फसाल.

किलोला ॲल्युमिनियम कितीतरी महाग. पण त्याच मापाच्या आणि जाडीच्या लोखंडी पत्र्याच्या ते जेमतेम एक तृतीयांश भरतं, त्यामुळे नगाच्या हिशेबात फरक वाटतो तेवढा राहत नाही.

खरा निकाल खारा वारा लावतो. मी हौसेने लोखंडी पाटीचं घड्याळ पडवीत लावलं. कडा घासून तशाच सोडल्या होत्या, रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या प्रायमरचा, हात द्यायचा आळस केला. एका पावसाळ्यात चुन्याच्या भिंतीवर तांबूस ओघळ उतरले, ते अजून आहेत. ॲल्युमिनियमला असा गंज चढत नाही, त्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो. पण म्हणून निर्धास्त राहू नका. त्याला साधे लोखंडी स्क्रू मारले आणि खारट ओल मिळाली, की स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरते आणि पत्राच खाल्ला जातो. समुद्राजवळ स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. एवढं केलंत तर पडवी, ओटा, गडगा कुठेही ॲल्युमिनियमच लावा.

कारागिरीत मात्र लोखंड सोयीचं. गावातला कुठलाही फॅब्रिकेटर त्याला पाय जोडून देतो. ॲल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग लागतं, ते जवळपास मिळेलच असं नाही. मग रिव्हेट मारायचे, आणि तेही ॲल्युमिनियमचेच. वाकवायचं तर लाकडी हातोड्याने, एकदाच. मागेपुढे केलंत की चिरतं. माजघरात चिठ्ठ्या लावायचा फळा हवा असेल तर प्रश्नच नाही, चुंबक लोखंडालाच धरतं.

रात्री उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी नावपाटी करणार असाल, तर धातूपेक्षा वरचं परावर्तक आवरण बघा. ते शाबूत असेल तर गाडीच्या दिव्यात अक्षरं लखकन उजळतात. हीट गनने ते सोलून काढणारे लोक मला कळत नाहीत. फक्त पाटीवरचा बाण रस्त्यावरून दिसेल अशी ती लावू नका, नाहीतर कुणाची तरी गाडी तुमच्या अंगणात शिरेल.

हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या, विशेषतः पिवळ्या-लाल, दिसायला सगळ्यात देखण्या. पण त्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून लागू झाली, या पाट्या त्याआधीच्या. कोरड्या घासू नका, वरून पारदर्शक लॅकर मारा. लॅकर मारला तरी ट्रे किंवा ताटाखालची चकती करू नका, आणि लहान मुलांच्या खोलीत तर नकोच.

लोखंड असो वा ॲल्युमिनियम, पावती मागा. वादळात पडलेली पाटीसुद्धा सरकारचीच असते. उचलून घरी आणली तर ती चोरी. लिलावातून आलेला माल असेल तर भंगारवाला पावती देतो. देत नसेल तर पाटी कितीही सुंदर असो, तिथेच ठेवून या.