हवानात हाती आलेले 320 बाद पेसो

तीस वर्षे सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर नोटा मोजलेल्या माणसाला भर रस्त्यात चलनातून बाद झालेल्या नोटा देऊन कोणी 300 युरोंना, म्हणजे सुमारे 26,500 रुपयांना गंडवावे, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही. तरीही क्यूबाला निघालेल्या दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहीत आहे.

फेब्रुवारी 2023 मध्ये आम्ही उभयता टोरांटोहून, मुलीकडून, आठवडाभरासाठी हवानाला गेलो. जुन्या शहरातील ओबिस्पो रस्त्यावर अधिकृत विनिमय केंद्रासमोर रांग हलत नव्हती आणि सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना उभे राहणे सोसवत नव्हते. तेवढ्यात एक नीटनेटका गृहस्थ हात जोडून "नमस्ते" म्हणाला, आणि पर्यटकांचे पेसो (तिथले चलन) वेगळे असतात, ते मी बँकेपेक्षा चांगल्या दराने देतो, असे त्याने सांगितले. यावर मी विश्वास का ठेवला, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की 2016 मध्ये तिथे जाऊन आलेल्या माझ्या मेव्हण्याने अगदी हेच सांगितले होते, आणि तेव्हा ते खरेही होते. पर्यटकांसाठीचा तो परिवर्तनीय पेसो डॉलरच्या बरोबरीचा होता; 1 जानेवारी 2021 पासून मात्र तो रद्द झाला. जुन्या माहितीवर परदेशात पैशांचा व्यवहार करू नका, मग ती घरच्या माणसाने दिलेली का असेना.

त्याने पन्नासाच्या सहा आणि विसाची एक, अशा नोटा माझ्या हातावर ठेवल्या. मी त्या दोनदा मोजल्या, उजेडात धरल्या, कागद तपासला. पाहायचे तेवढे सोडून सगळे पाहिले. टॅक्सीवाल्याने सुटे म्हणून दिलेली विसाची नोट माझ्याच खिशात होती आणि तिच्यावर टोपी घातलेल्या कामिलो सिएनफ्वेगोस या क्यूबन क्रांतिनेत्याचा चेहरा होता. हातातल्या विसावर त्याच माणसाचा पुतळा होता! दोन्ही नोटा शेजारी धरायला पाच सेकंदही लागले नसते. चेहरा असेल तर नोट चालू, पुतळा असेल तर रद्दी, एवढे पाठ करून जा.

संध्याकाळी घरमालकीणबाईंनी नोटा पाहून कपाळावर हात मारला. त्या बिचाऱ्यांनी दोन दिवस जेवणाचे पैसे घेतले नाहीत, हे सांगितले नाही तर तिथल्या लोकांवर अन्याय होईल. मालेकोनच्या समुद्रकठड्यावरून आम्ही रात्री अकरा वाजता निर्धास्त फिरलो; तिथे आम्हाला कोणी लुटले नाही, मी स्वतःच पैसे काढून दिले.

पोलीस चौकीत साडेतीन तास बसवून ठेवल्यावर दुभाषी उद्या येईल असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी दुभाषी आला, तर रस्त्यावर पैसे बदलणे हाच मुळात गुन्हा असल्याने तक्रार लिहून घेतल्यास पहिला आरोपी मीच ठरेन, असे त्याने हसत समजावले, आणि त्या माणसाचे वर्णन विचारण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. पोलिसांचा कागद नसल्याने विमा कंपनीने दावा नाकारला, टूर कंपनीने विमा कंपनीकडे बोट दाखवले, आणि चौथ्या ईमेलनंतर उत्तर आले की स्वखुशीने दिलेली रक्कम चोरीच्या व्याख्येत बसत नाही.