४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर: पाच महिने आणि २,३०० किलोमीटर

हंगामातली माझी पहिलीच सायकल राइड १६० किलोमीटरची होती. त्यातला बहुतेक रस्ता कच्चा, आणि थंडी अजून पुरती सरलेली नव्हती. तिच्या तयारीसाठी पाच महिन्यांपूर्वी ७०० x ४० मापाचे, म्हणजे ४० मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर घेतले. आधी ट्यूब घातलेले ३२ मिलिमीटरचे होते. त्यांच्यावर खडीचा उतार उतरला की तळहात संध्याकाळपर्यंत झिणझिणायचे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण बऱ्या-वाईटाचं निम्मं श्रेय टायरचं आणि निम्मं माझ्या आळसाचं आहे.

बसवताना घाम निघाला. साध्या पंपाने बीड, म्हणजे टायरची आतली कडा, रिमला चिकटेचना, एका बाजूने हवा भरावी तर दुसऱ्या बाजूने निघून जाई. शेवटी कडेला साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हमधला कोर (हवा अडवणारा आतला बारीक भाग) काढून टाकला आणि जोर लावून पंप मारला. फट्, फट् असे दोन आवाज आले आणि टायर बसला. कोर काढायची चिमुकली किल्ली आधीच घेऊन ठेवा.

खरा फरक पडला तो हवेने. पहिला महिना मी जुन्या सवयीने ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरत होते आणि ‘रुंद टायरचं एवढं कौतुक कशाला’ म्हणत होते. माझं वजन ६४ किलो. एकेक राइडला दोन-दोन पीएसआय कमी करत पुढे ३० आणि मागे ३४ वर आले, तेव्हा कुठे टायर दगडावरून उडायचे थांबले आणि दगड पोटात घेऊन पुढे जायला लागले. चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरायचं, तेही थांबलं. त्याखाली गेले तर रिमला ठोकर बसल्याचा आवाज येतो, म्हणजे माझी हद्द तिथे संपते.

थंडीतली एक गंमत. घरात २० अंशांत ३४ भरून निघायचे आणि बाहेर ५ अंशांत तासाभराने मोजलं की जेमतेम साडेएकतीस. पंधरवडाभर मी गळती शोधत होते, टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघून झाले. गळती नव्हतीच, हवा गार झाली की दाब उतरतो, एवढंच. आता बाहेर पडून दहा मिनिटांनी मोजते.

सीलंटबद्दल, म्हणजे भोक आपोआप बुजावं म्हणून टायरात ओततात त्या द्रवाबद्दल, मात्र तक्रार आहे, आणि ती माझ्याविरुद्धच आहे. प्रत्येक टायरात ६० मिलिलिटर घातलं आणि विसरून गेले. चौथ्या महिन्यात काट्याएवढं भोक पडलं. ते चाकाच्या दोन फेऱ्यांत बुजायला हवं होतं, पण फुस्स करत हवा जातच राहिली. टायर उघडला तर आत द्रव नाहीच. रबराच्या वाळक्या साली आणि तळाशी एक केसाळ गोळा, मेलेल्या किड्यासारखा. लॅटेक्सचं सीलंट दोन ते सहा महिन्यांत वाळतं, हे बाटलीवरच लिहिलेलं होतं. आता भरल्याची तारीख रिमवर टेपने चिकटवते.

चिखलात या टायरांकडून फार अपेक्षा ठेवू नका. मधले दाते बुटके आहेत. कोरड्या मुरमावर ते मजेत पळतात, पण ओल्या मातीत दहा मिनिटांत लिंपून जातात. शिवाय टायर रुंद झाला की फ्रेमशी उरणारी फट कमी होते. माझ्याकडे मागे जेमतेम पाच मिलिमीटर उरली, आणि चिखल तिथेच घट्ट बसतो. अमेरिकेत कॅन्ससमधल्या अनबाउंड या कच्च्या रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत २०२३ साली सुरुवातीलाच असा चिखल लागला की कित्येकांना सायकली उचलून चालावं लागलं. तेव्हापासून मी चिखल खरवडायला एक चपटी लाकडी पट्टी फ्रेमला बांधून नेते. दिसायला हास्यास्पद, पण दोनदा कामी आली आहे.

प्रत्यक्ष राइडमध्ये ११०व्या किलोमीटरला मागच्या टायरला कडेजवळ चीर गेली. पांढरा फवारा थेट पोटरीवर. बोटं गारठलेली, पहिला प्लग (चिरेत खुपसायची रबरी पट्टी) घालताना वाकून बाहेर आला. दुसरा आत घातला, चाक फिरवून चीर खाली आणली आणि सीलंट तिथे जमू दिलं. उरलेले ५० किलोमीटर २८ पीएसआयवर काढले. प्लग घालायचा सराव मी घरी, जुन्या टायरवर, एकदाही केला नव्हता. तो केला असता तर रस्त्याकडेला वीस मिनिटं गेली नसती.

झीज अपेक्षेपेक्षा जास्त आहे. मागच्या टायरचे मधले दाते सपाट झालेत, पुढचा अजून चांगला आहे. जुनी चीर प्लगवर धरून आहे, पण लांबच्या राइडला त्या टायरवर भरवसा ठेवणार नाही. मागे हाच टायर नवा घातलाय, यावेळी कडा जाड असलेल्या प्रकारातला. थोडा जड आहे, चढावर कळतं.