एकच संध्याकाळ असेल तर: 'व्हिस्की गलोर!' की 'काइंड हार्ट्स'?

लंडनच्या ईलिंग स्टुडिओचे विनोदी सिनेमे बघायला सुरुवात करायची म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्ही १९४९ चे, दोन्ही कृष्णधवल, दोन्हींवर स्टुडिओप्रमुख मायकल बाल्कन यांची देखरेख. बनले मात्र अगदी उलट तऱ्हेने, आणि ते पडद्यावर दिसतं.

'व्हिस्की गलोर!'च्या वेळी स्टुडिओत जागाच उरली नव्हती, म्हणून १९४८ च्या उन्हाळ्यात सगळं बिऱ्हाड स्कॉटलंडच्या बॅरा बेटावर हललं. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांचा हा पहिलाच सिनेमा. निर्माते मोन्या डॅनिशेव्स्की तोवर स्टुडिओची प्रसिद्धी सांभाळत होते. त्यात पावसाने मुक्काम ठोकला. चित्रीकरण आठवडेच्या आठवडे लांबलं, खर्च वाढत गेला. आतले प्रसंग चर्चच्या हॉलमध्ये सेट लावून उरकले. पण सिनेमात जीव आला तो बेटामुळेच: गर्दीतले चेहरे तिथल्याच लोकांचे आहेत. गोष्टही तिथलीच. १९४१ मध्ये शेजारच्या एरिस्केजवळ व्हिस्की भरलेलं 'पॉलिटिशियन' जहाज खडकावर आपटलं आणि बेटकऱ्यांनी पेट्याच्या पेट्या लंपास केल्या. अमेरिकेत शीर्षकात दारूचं नाव चालेना, म्हणून तिथे सिनेमा 'टाइट लिटल आयलंड' झाला. 'टाइट'चा अर्थ आपल्याला सांगायला नको.

रॉबर्ट हेमर यांच्या 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स'मध्ये नशिबावर काहीच सोडलेलं नाही. सरदार घराण्यातल्या वारसांना एकेक करून संपवणारा तरुण, आणि त्या डॅस्कॉइन घराण्यातले आठही जण म्हणजे एकच नट, ॲलेक गिनेस. डबल रोलची आपल्याला काय नवलाई! पण इथे चर्चमधल्या प्रसंगात एका चौकटीत सहा गिनेस आहेत. छायाचित्रकार डग्लस स्लोकम यांनी कॅमेरा जागच्या जागी जखडला, दर वेळी भिंगाचा एकच भाग उघडा ठेवला आणि एकेका गिनेसनंतर फिल्म मागे गुंडाळून पुन्हा तीच वापरली. कॅमेऱ्याला चुकून कुणाचा धक्का लागू नये म्हणून रात्री ते त्याच्या शेजारीच झोपले.

घरच्यांसोबत बसणार असाल तर माझं मत 'व्हिस्की'ला. ८२ मिनिटांत संपतो, आणि उच्चार जड वाटले तरी हसू अडत नाही. 'काइंड हार्ट्स' १०६ मिनिटांचा. सगळी गंमत निवेदनाच्या थंड, सभ्य इंग्रजीत. सबटायटल्स लावा, फोन दूर ठेवा आणि एकट्यानेच बघा. चर्चमधला प्रसंग आला की थांबवून चेहरे मोजा. त्यातली एक बाई आहे.