एसीसी एन्ट्री: हवाई दल-नौदलातून लष्करी अधिकारी होण्याचा रस्ता, खाचखळग्यांसकट

सेवा: आर्मी कॅडेट कॉलेज (एसीसी) विंग, इंडियन मिलिटरी अकॅडमी, देहरादून
गिऱ्हाईक: हवाई दलातला एअरमन किंवा नौदलातला सेलर, ज्याला लष्करात अधिकारी व्हायचंय
तारे: पाचपैकी साडेतीन. एक कागदांनी खाल्ला, अर्धा वयाने.

आधी एक गैरसमज काढून टाकू. एअरमनने अर्ज केला आणि त्याला लष्करात वळता केला, अशी सोय आपल्याकडे नाही. आर्मी अॅक्ट १९५० चा, एअर फोर्स अॅक्टही १९५० चाच, नेव्ही अॅक्ट १९५७ चा. घरं तीन आणि दफ्तरंही तीन. अंदमान-निकोबार कमांड २००१ पासून तिन्ही दलांची आहे, पण तिथे पोस्टिंग झालं म्हणून कुणाच्या गणवेशाचा रंग बदलत नाही. मन भरलं म्हणून सोडून जाणंही सोपं नाही. नोकरी मनाला येईल तेव्हा सोडण्याचा बिनशर्त हक्क एअरमनला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा डिस्चार्ज न घेता, सेवेत राहून, शिपायाच्या हुद्द्यावरून लष्कराच्या अधिकारी वर्गात नेणारं कामाचं दार म्हणजे एसीसी. हे सगळं नियमित भरतीच्या जवानांबद्दल आहे. अग्निवीरांच्या सेवाशर्ती वेगळ्या.

संस्था जुनी आहे. नौगाँवला १९२९ मध्ये निघालेलं किचनर कॉलेज हे तिचं मूळ. १९६० मध्ये आर्मी कॅडेट कॉलेज झालं, पुढे ते पुण्यात आलं आणि १९७७ मध्ये देहरादूनला गेलं. २००६ मध्ये इंडियन मिलिटरी अकॅडमीत (आयएमए) विलीन होऊन ती एसीसी विंग झाली. नावात आर्मी असल्यामुळे ही योजना फक्त लष्करी जवानांची, असं पुष्कळ एअरमन धरून चालतात आणि चौकशीच करत नाहीत. तिन्ही दलांतले जवान इथे घेतले जातात.

अटी थोडक्यात: वय २० ते २७, किमान दोन वर्षं सेवा, शिक्षण बारावी. मग लेखी परीक्षा, पाच दिवसांचा एसएसबी (अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची चाचणी), मेडिकल आणि मेरिट लिस्ट. निवड झाली की तीन वर्षं एसीसी विंगमध्ये जेएनयूची बीए किंवा बीएससी आणि त्यानंतर एक वर्ष आयएमए. म्हणजे खांद्यावर दोन तारे लागायला चार वर्षं. पदवी आणि कमिशन दोन्ही सरकारी खर्चाने मिळतात. या बाबतीत योजनेला नाव ठेवायला जागा नाही.

आता सीडीएसशी (यूपीएससीची कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा) तुलना, कारण बराकीत वाद इथेच रंगतो. सीडीएसमधून आयएमएला जायचं तर पदवी हवी आणि वयाची मर्यादा साधारण २४ पर्यंतच. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला, ड्यूटी सांभाळून मुक्त विद्यापीठाची पदवी करणारा मुलगा या दोन्ही अटींत एकदम क्वचित बसतो. सेलरची गंमत वेगळीच. सेवेतल्या सेलरने सीडीएसच्या फॉर्ममध्ये पहिली पसंती नौदलालाच द्यायची, शिवाय कमांडिंग ऑफिसरची शिफारस लागते. आणि नौदल अकॅडमीला इंजिनिअरिंगची पदवी हवी! ज्याच्याकडे ती नाही, त्याची पहिली पसंती फॉर्म भरतानाच वाया जाते. लष्करच हवं असलेल्या सेलरने एसीसीकडे आधी बघावं, ते यासाठी.

अर्ज युनिटमार्फत, थ्रू प्रॉपर चॅनेल जातो, आणि पहिला मोठा दोष तिथेच आहे. लष्कराच्या युनिटमधल्या हेडक्लार्कने एसीसीचे फॉर्म आधी हाताळलेले असतात. हवाई दलाच्या ऑर्डरली रूममध्ये किंवा जहाजावरच्या ऑफिसात ते क्वचित येतात, त्यामुळे फाइल टेबलावरून हलत नाही. त्यात भर म्हणून परिभाषा वेगळी. लष्करात नोंद पार्ट टू ऑर्डरने होते, हवाई दलात पीओआरने, नौदलात जेनफॉर्मने. लग्न, पत्ता, नावातली दुरुस्ती यांची नोंद आपल्या रेकॉर्डला लागली आहे का, हे अर्जाच्या सहा महिने आधी बघावं. एअरमनचं रेकॉर्ड दिल्लीत सुब्रतो पार्कला, सेलरचं मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये.

मराठी मुलांचा कागद हमखास अडकतो तो नावावर. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये भरतीच्या दिवशी क्लार्कने जे लिहिलं ते: कधी नाव आधी, कधी वडिलांचं नाव गायब, कधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. घरी कुणाला याचं काही वाटत नाही. छाननीत मात्र ती दोन वेगळी माणसं ठरतात. प्रतिज्ञापत्र करून भागत नाही, रेकॉर्डमध्ये दुरुस्तीची नोंद पडावी लागते आणि तिला महिने लागतात. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी आकड्याला आकडा जुळवून बघावी.

लेखी परीक्षेत इंग्रजी, सामान्यज्ञान आणि बुद्धिमापन हा गाभा. टेक्निकल ट्रेडच्या एअरमनला यातलं गणिती-तार्किक सहसा जड जात नाही. खरी चाळण एसएसबीची आहे, आणि सेवेतला उमेदवार तिथे सवयीमुळे अडतो.

पहिल्या दिवशी पीपीडीटी या चाळणी चाचणीत चित्र ३० सेकंद दिसतं, मग पात्रांची नोंद करून चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि गटात सांगायची. मानसशास्त्राच्या दिवशी टीएटीची (चित्र बघून गोष्ट लिहायची) बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं. डब्ल्यूएटीत (शब्द बघून सुचेल ते वाक्य लिहायचं) ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. एसआरटीत (प्रसंग वाचून आपण काय करू ते लिहायचं) ६० प्रसंग अर्ध्या तासात, म्हणजे एकाला ३० सेकंद. सेवेतल्या उमेदवाराच्या गोष्टींत नायक नेहमी जवान, संकट नेहमी पूर किंवा अतिरेकी, आणि शेवटी सीओ (कमांडिंग ऑफिसर) शाबासकी देतात. बारा चित्रांत बारा शाबासक्या! वाचणाऱ्याला त्यातून माणूस दिसत नाही, पाठ केलेला साचा दिसतो. शेतीचं चित्र असेल तर शेतीचीच गोष्ट लिहावी. गावचं पाणी, बाजार, सोसायटीचं कर्ज यांतलं जे ठाऊक आहे ते चालतं.

जीटीओच्या (गटाची कामं घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या) मैदानावर चित्र उलटं. प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कमध्ये फळी, बल्ली आणि दोर घेऊन लाल रंगाला न शिवता पलीकडे जायचं असतं. सेलर फळीला बल्ली अशी आवळतो की कॉलेजातली पोरं बघत राहतात. पण तो हे मुकाट्याने करतो. आदेश आला की हात चालवायचा ही सवय अंगात मुरलेली. टोक कुठे टेकवायचं, आधी कोण जाणार, वजन मागे कोण धरणार, हे मोठ्याने गटाला सांगितलं नाही तर कल्पना त्याची आणि श्रेय बोलणाऱ्याचं. मुलाखतीतही तेच: सावधानमध्ये बसून ‘यस सर, नो सर’. विचारणारा अधिकारी असला तरी ती ऑर्डरली रूम नव्हे. तीन-चार वाक्यांचं सरळ उत्तर द्यावं, मत विचारलं तर मत द्यावं. लष्करी फॉर्मेशनमध्ये एसीसी उमेदवारांसाठी तयारीचे वर्ग निघतात. हवाई दल-नौदलाचा उमेदवार सहसा एकटाच असतो. त्याने निदान चारजणांचा गट जमवून रोज तीन मिनिटांचं लेक्चरेट, म्हणजे छोटं भाषण, द्यायचा सराव करावा.

अर्धा तारा वयाने का खाल्ला, तो हिशेब. कमिशननंतर १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, २६ वर्षांनी टाइम स्केलने, म्हणजे निवडीशिवाय नुसत्या सेवेच्या वर्षांवर, कर्नल. दोन्ही हुद्द्यांना निवृत्तीचं वय ५४. एकविसाव्या वर्षी एसीसीत शिरलेला पंचविसाव्या वर्षी अधिकारी होतो, एक्कावन्नाव्या वर्षी टाइम स्केल कर्नल. सत्ताविसाव्या वर्षी शिरलेला एकतिसाव्या वर्षी अधिकारी होतो, चव्वेचाळिसाव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल, आणि टाइम स्केलची २६ वर्षं भरायला त्याला सत्तावन्न लागतील. ती कधीच भरत नाहीत. सिलेक्शन बोर्डातून वर जाण्याची वाट उघडी असते, पण त्या रांगेत समोर एकवीस-बावीसला कमिशन मिळालेले असतात. तरी पैशाच्या दृष्टीने सौदा वाईट नाही. सातव्या वेतन आयोगात हवाई दलातल्या कॉर्पोरलची लेव्हल ४ सुरू होते २५,५०० ला, लेफ्टनंटची लेव्हल १० सुरू होते ५६,१०० ला. मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० ऐवजी १५,५००. पंचविशी ओलांडलेल्याने हा तक्ता घरच्यांसमोर मांडूनच फॉर्म भरावा. चार वर्षं पुन्हा कॅडेट होऊन ओरडा खाणं तेव्हा जास्त टोचतं.

मेडिकलबद्दल इतकंच. हवाई दलात ‘ए४जी१’ ही तंदुरुस्तीची श्रेणी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लष्करी बोर्ड आपल्या ‘शेप-१’ या पूर्ण तंदुरुस्तीच्या मापाने नव्याने तपासतं. कानातला मळ, दात, वजन, मूळव्याध, व्हेरिकोसील, नाकाचा वाकडा पडदा या नेहमीच्या अडचणी. यातल्या बहुतेक आधी दुरुस्त होतात, म्हणून एसएसबीचं कॉल लेटर आल्याबरोबर एसएसक्यूत, म्हणजे तळावरच्या दवाखान्यात, किंवा जहाजाच्या सिक बेत दाखवून घ्यावं. तात्पुरतं अनफिट ठरवलं तर अपील मेडिकल ४२ दिवसांच्या आत होतं. ऑपरेशनची जखम तेवढ्यात भरून यायला हवी, म्हणून सर्जनची तारीख बोर्डाच्या दुसऱ्याच दिवशी मागावी.